प्रार्थनेत माझ्या वाट्याचं काम कोणतं?

"मॅडम, रोज सकाळी वचन वाचतो, प्रार्थना चुकत नाही, रविवारी उपासनेला असतोच. तरी मी आहे तिथेच आहे. माझा विश्वास कमी पडतोय का?"

समुपदेशक म्हणून ख्रिस्ती कुटुंबांबरोबर काम करताना हा प्रश्न मी सतत ऐकते. कॉलेजातली मुलं विचारतात, महिला मंडळाच्या ज्येष्ठ बायका विचारतात, एकदा तर चर्चच्या एका पाळकांनीही विचारला. ईस्टरआधीच्या उपवासकाळात तो जरा जास्तच येतो. विचारणारी माणसं प्रामाणिक असतात आणि म्हणूनच त्यांना अपराधी वाटत असतं. अजून उपास करू का, अजून पहाटे उठू का, असं त्यांना वाटत राहतं. त्या सगळ्यांसाठी एका गृहस्थांची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच बैठकी इथे थोडक्या संवादांत आणल्या आहेत.

हे गृहस्थ चाळिशी ओलांडलेले, नगर जिल्ह्यातल्या एका जुन्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे. घरात तीन पिढ्यांचा विश्वास, स्वतः मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचकमिटीवर, घरोघरच्या प्रार्थनासभा चालवणारे. तक्रार एवढीच होती की प्रार्थना कोरडी झाली आहे, प्रभुभोजन घेतानाही मन लागत नाही. खरी गोष्ट त्यांच्या पत्नीनं सांगितली. "धाकट्या दीरांचं नाव निघालं की हे जेवणाच्या ताटावरून उठतात."

"भावासाठी प्रार्थना करता का?" मी विचारलं.

"दोन वर्षं करतोय, मॅडम. देव त्याचं मन वळवत नाही."

कोणाचं बालपण उकरत बसण्यापेक्षा हा माणूस आज, या आठवड्यात काय करतोय, यावर माझा भर असतो. म्हणून मी म्हटलं, "घरी करता तशी प्रार्थना इथे करा. मी शेजारी बसते."

त्यांना थोडं अवघडल्यासारखं झालं, पण डोळे मिटले आणि सवयीनं शब्द येत गेले. मी कागदावर मधोमध रेघ मारून लिहीत राहिले. डोळे उघडल्यावर कागद त्यांच्यापुढे सरकवला. डावीकडे 'देव' असं लिहून खाली मागण्या होत्या: भावाचं मन मऊ कर, भावजयीला समज दे, आईला समाधान दे, घरात शांती दे, माझ्या मनातली कटुता काढून टाक. उजवीकडे वर 'मी' आणि खाली कोरा कागद.

"इथे काय लिहू?"

"मी काय करणार? तोच बोलत नाही."

मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाला लगेच धीर द्यायचा, एखादं वचन सांगायचा मोह होतो. तो आवरणं हे माझ्या कामातलं सर्वांत अवघड कौशल्य आहे आणि ते मी कष्टानं कमावलेलं आहे. ते कागदाच्या कोऱ्या बाजूवरून अंगठा फिरवत राहिले. मग पत्नीकडे न बघता म्हणाले, "वडिलांच्या आजारपणात हॉस्पिटलचं सगळं बिल त्यानं भरलं. निम्मे मी देईन म्हणालो होतो. 80 हजार. अजून दिले नाहीत."

पत्नीला हे माहीतच नव्हतं.

त्या क्षणाला मी फार मान देते. हा माणूस ढोंगी नव्हता. त्याची प्रार्थना मनापासून होती. फक्त त्यानं सगळी कामं देवावर सोपवली होती, आणि त्यांतलं एक काम देवानं त्याच्यावर सोपवलेलं होतं. समेट व्हावा म्हणून तो दोन वर्षं दारावर थाप मारत होता, आणि कडी आतून त्याच्याच हातात होती. अशी प्रार्थना कोरडी पडते, यात नवल नाही. विश्वास कमी असतो म्हणून ती कोरडी पडत नाही. आपल्याला माहीत असलेली एक गोष्ट रोज ओलांडून पुढे जावं लागतं, म्हणून पडते. पूर्ण खचलेली माणसं सोडली, तर ज्यांनी ज्यांनी मला वाढ खुंटल्याचं सांगितलं, त्यांच्यात बहुतेकदा अशी एक ओलांडलेली गोष्ट सापडली. न दिलेले पैसे, न केलेला फोन, न सोडलेली बाटली, मुलाच्या शाळेत कधीच न गेलेला बाप.

पवित्र शास्त्रात याबद्दल संदिग्ध काही नाही. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात प्रभू सांगतो की वेदीपाशी अर्पण आणलं असताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी भावाशी समेट करायला जा. तिथे उठून जाणारा आहे तो अर्पण आणणारा. भावानं यावं म्हणून वाट बघायला सांगितलेलं नाही. जुन्या करारातला, पारसाच्या राजाच्या चाकरीत असलेला यहूदी नहेम्या मला या बाबतीत फार जवळचा वाटतो. यरुशलेमेचा तट पडल्याचं ऐकून तो रडला, उपास केले, सुमारे चार महिने प्रार्थना केली. पण राजानं "तुला काय पाहिजे?" असं विचारलं, तेव्हा त्याच्याकडे उत्तर तयार होतं. किती काळ लागेल, कोणत्या अधिकाऱ्यांना पत्रं हवीत, लाकूड कोणाकडून मिळेल, सगळं त्यानं ठरवलेलं होतं. पुढे शत्रू चालून येणार असं कळलं तेव्हा लोकांनी प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराही बसवला. तट 52 दिवसांत उभा राहिला.

आपल्या मातीतलं उदाहरण हवं असेल तर पंडिता रमाबाईंचं केडगाव आहे. 1905 सालचं तिथलं आत्मिक जागरण आपण अभिमानानं सांगतो. पण ज्या मुक्ती मिशनमध्ये ते झालं, तिथे दुष्काळातून आणलेल्या मुली आणि विधवा शिकत होत्या, विणकाम आणि छपाईची कामं करत होत्या. रमाबाईंना प्रार्थना आणि काम यांच्यात निवड करावी लागली नाही.

पुढच्या बैठकीत ते गृहस्थ म्हणाले, "एवढे पैसे एकदम नाहीत. जमले की फोन करतो."

"येशू घरी आला तेव्हा जकातदार जक्कयानं सगळ्यांसमोर कबूल केलं," मी म्हटलं. "कोणाला लुबाडलं असेल तर चौपट परत देतो म्हणाला. तुम्ही निदान आकडा तरी कबूल करा. दर महिन्याला किती जमतील?"

"पाच हजार."

"मग तेवढंच सांगा. माफी मागताना त्याच्या चुका त्यात आणू नका. त्यानं लगेच क्षमा करावी अशी अपेक्षाही ठेवू नका."

त्यांनी फोन केला. भाऊ फक्त "बघू" म्हणाला. ते हिरमुसून आले. मी त्यांना विचारलं, "फोन करणं कोणाचं काम होतं?" "माझं." "झालं?" "झालं." "त्याचं मन वळणं कोणाचं काम?" ते थोडे हसले. "ते डावीकडच्या रकान्यात." गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात एकमेकांची ओझी वाहा असंही आहे आणि प्रत्येकानं आपला भार वाहावा असंही आहे. दोन्ही एकदम खरं असतं, हे त्यांना त्या दिवशी उमगलं. चौथा हप्ता गेल्यावर भावाचाच फोन आला, आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनबद्दल. गोडवा अजून आलेला नाही. पण ताट अर्धवट टाकून उठणं थांबलंय, असं त्यांच्या पत्नीनं सांगितलं.

ज्यांना हाच प्रश्न छळतो, त्यांना मी एक साधी सवय सुचवते. रात्रीच्या प्रार्थनेत प्रत्येक मागणीनंतर थांबा आणि यात माझं काम काय, हे देवाला मोठ्यानं सांगा. "मुलाला चांगली संगत दे" असं मागितलंत, तर उद्या संध्याकाळी अर्धा तास मोबाइल बाजूला ठेवून त्याच्याशी बोलेन, हेही म्हणा. एका वेळी एकच काम घ्या, उद्या होण्यासारखं घ्या, आणि ते एका विश्वासू माणसाला सांगून ठेवा. अख्ख्या मंडळीला सांगायची गरज नाही. प्रार्थनासभेत विनंती म्हणून सुनेचा किंवा शेजाऱ्याचा दोष चारचौघांत मांडला जातो, त्याला मी प्रार्थना म्हणत नाही. कुठल्या विनंतीत काहीच काम सापडलं नाही, तर ती निश्चिंतपणे देवाच्या हाती ठेवा. आजारी माणसाचं बरं होणं, दुसऱ्याचं मन, पाऊस, हे आपलं नाही.

हे सगळं सर्वांना सारखं लागू नाही, हे मात्र नीट ऐका. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला "तुझा क्रूस वाहा, तूच बदल" असं सांगणं पाप आहे. तिच्या वाट्याचं काम सुरक्षित जागी जाणं आणि मदत मागणं हे आहे, त्यासाठी 181 ही महिला हेल्पलाइन आहे. तसंच झोप उडाली आहे, भूक मेली आहे, आठवडेच्या आठवडे कशातच जीव रमत नाही, मरणाचे विचार येतात, अशा माणसाची कोरडी प्रार्थना हा आजाराचा भाग असू शकतो. त्याला कामाची यादी देऊ नका. डॉक्टरांकडे न्या. 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या नंबरवर फुकट बोलता येतं, मराठीतूनही.

आणि पाळकांना एक विनंती. उपासना संपल्यावर कोणी दाराशी येऊन "माझ्यासाठी प्रार्थना करा" म्हणालं, तर डोक्यावर हात ठेवण्याआधी त्याला विचारा, "यात तुम्ही काय करणार आहात?" तो जे सांगेल, ते करायला त्याला बळ मिळावं म्हणून नाव घेऊन प्रार्थना करा, आणि पुढच्या रविवारी ते झालं का, हे आठवणीनं विचारा.