टगच्या इंधनाचा हिशेब : सुरुवात कुठून करावी

टगच्या, म्हणजे मोठ्या जहाजांना ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या ताकदवान बोटीच्या, इंधनखर्चाचा अभ्यास तुम्ही हाती घेतलात, याचा मनापासून आनंद वाटला. सुरुवातीला इंजिनाच्या कमाल शक्तीला कामाच्या तासांनी गुणण्याचा मोह आवरा, कारण टग पूर्ण जोर लावतो तो जहाज वळवताना किंवा धक्क्याला टेकवताना, आणि तोही थोडाच वेळ; एरवी तो जहाजाची वाट पाहत, दोर सैल ठेवून किंवा रिकामी ये-जा करत असतो. म्हणून प्रत्येक कामाचे निघणे, थांबणे, ओढणे-ढकलणे आणि परतणे असे टप्पे पाडून त्यांची वेळ व इंजिनाचे आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) नोंदवा.

रिकाम्या प्रवासाकडे नवखे हमखास दुर्लक्ष करतात. वास्तविक बचत तिथेच सर्वांत सोपी असते: लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने वेग १० टक्क्यांनी कमी केला, तर वेळ थोडा जास्त लागूनही तेवढेच अंतर कापायला सुमारे १९ टक्के कमी इंधन लागते.

धक्क्याला बांधलेल्या टगच्या जनरेटरचे इंधनही मोजा. इंधन जळून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबासाठी एक टन सागरी डिझेलमागे ३.२०६ टन हा गुणक पुरेसा आहे. नायट्रोजन ऑक्साइडचे प्रमाण मात्र इंजिनावरील भारानुसार बदलते, त्यामुळे तो हिशेब टप्प्यांच्या नोंदी हाती आल्यावरच करा.