आयोवाच्या कोळसाखाणीतून स्वीडनमधल्या धाकट्या भावाला, १८८१

प्रिय धाकट्या,

अमेरिकेला वसंतात निघू की उशिरा, आणि खाणीत दोन वर्षं राबलो तर जमीन होईल का, असं तू विचारलंयस.

वसंतात मुळीच निघू नकोस, बोटकंपनीचा एजंट काहीही सांगो. आमच्या बून परगण्यातला कोळसा खपतो तो थंडीत. उन्हाळ्यात खाण आठवड्यातून दोन दिवस चालली तरी नशीब. पाद्रीबाबांकडून गाव सोडल्याचा दाखला घे आणि जुलैअखेर गोथेनबर्ग सोड. बोटीनं इंग्लंडातलं हल बंदर, तिथून आगगाडीनं लिव्हरपूल, मग पुन्हा बोटीनं न्यूयॉर्क. इथं मळणीवर हात चालव. ती आटोपेतो खाणीत माणसं घ्यायला लागतात.

पगार म्हणून काही नसतो, वजनावर पैसे. आमचा कोळशाचा थर जेमतेम कमरेएवढा. कुशीवर पडून कुदळीनं तळाशी खाच घ्यायची, मग सुरुंग. भरलेल्या गाड्याला आपल्या नंबरचा बिल्ला अडकव, नाहीतर तुझा कोळसा दुसऱ्याच्या नावावर जाईल. वर तो चाळणीवरून जातो आणि खाली पडलेल्या चुऱ्याचा आपल्याला छदाम मिळत नाही. (कंपनी मात्र तोही विकते.) म्हणून सुरुंगाची दारू बेतानं भर, जास्त झाली की चुराच होतो. मला हे एका वेल्श म्हाताऱ्यानं शिकवलं, तोवर अर्धा हिवाळा मी चुराच फोडत होतो. दारू, दिव्याचं तेल, कुदळीची धार, सगळं आपल्या खिशातून. टेकू लावणं, पडलेला दगड उपसणं, हे फुकट. दुकानही कंपनीचंच; तिथल्या वहीत नाव चढू देऊ नकोस. पहिल्या वर्षी माझी सारी कमाई बूट आणि कॉफीत वळती झाली.

सरकारी जमीन १६० एकर मिळते, फी किरकोळ, पण पाच वर्षं तिथं राहून कसावी लागते. इथली केव्हाच संपली, आता मिळते ती डाकोटा प्रांतात. बैल, नांगर, बियाणं आणि पहिल्या वर्षाचं पोट, यासाठी खाण. दोन नव्हे, चार हिवाळे धर.

आईला कुणीतरी अ‍ॅव्हनडेलच्या खाणीचं सांगितलेलं दिसतंय. १८६९ साली पेनसिल्व्हेनियात तिथं ११० माणसं गेली, कारण बाहेर पडायला खाणीत उतरायची ती एकच उभी विहीर होती आणि तिलाच आग लागली. तू कामाला लागण्याआधी दुसरी वाट कुठं आहे ते विचार आणि एकदा स्वतः चढून बघ. रोजची भीती छताची. दांड्यानं ठोकून बघ: खणखणीत वाजलं तर कामाला बस, पोकळ वाजलं तर आधी टेकू.

कुदळ आणू नकोस. लोकरीचे मोजे आण, दोन जोड माझ्यासाठीही.

तुझा दादा