पाच वर्षांची स्कॉच औषधासारखी लागते, तर बाटली खराब समजावी का?

आर्डबेग या स्कॉटिश डिस्टिलरीची ‘वी बीस्टी’ ही पाच वर्षांची स्कॉच व्हिस्की आणली, पहिल्या घोटाला टिंक्चर आयोडिन आणि डांबर यांखेरीज काहीच कळले नाही, तेव्हा बाटली खराब आहे का आणि अधिक वयाची घ्यायला हवी होती का, असे आपण विचारले आहे. बाटली खराब नाही; आणि अधिक वयाची घेतली असती, तर धूर बहुधा सौम्यच मिळाला असता.

स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या या व्हिस्कीसाठी मोड आलेले जव ओलसर असतानाच पीटच्या (दलदलीत कुजलेल्या वनस्पतींच्या जळाऊ मातीच्या) धुरात वाळवतात. त्या धुरातली फेनॉल नावाची रसायने दाण्याला चिकटतात आणि आपल्याला आलेला औषधी वास त्यांचाच असतो. जाहिरातीत मिरवला जाणारा पीपीएमचा (दशलक्ष भागांत किती भाग, याचा) आकडा (‘ऑक्टोमोर’ या व्हिस्कीच्या एका आवृत्तीत तो 309 पर्यंत गेला होता) मॉल्टमधील, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवातील, फेनॉलचा असतो, बाटलीतील व्हिस्कीचा नव्हे, त्यातला बराच अंश ऊर्ध्वपातनापर्यंतच गळून जातो, म्हणून केवळ त्या आकड्यावर खरेदी करू नये. उरलेला धूर पिंपात वर्षागणिक मवाळ होत जातो आणि ओकचा गोडवा वर येतो. कायद्याने स्कॉचला किमान 3 वर्षे पुरतात. तेव्हा 5 वर्षांची व्हिस्की 47.4 टक्के तीव्रतेला भरणे ही घाई नसून धूर ऐन भरात असताना पकडण्याची निवड आहे, असे मी मानतो.

मात्र दाट धुराआड कच्ची दारूही सहज लपते, आणि चाखताना खरी परीक्षा तिथेच असते. तोंडाशी निमुळता असलेला पेला घ्यावा, नाक आत न खुपसता थोडे दूर धरावे आणि ओठ किंचित उघडे ठेवून वास घ्यावा, म्हणजे अल्कोहोलचा झणका बसत नाही. पहिला घोट अगदी लहान घ्यावा व त्यावरून कोणतेही मत बनवू नये; तो जिभेला धुराची सवय लावण्यापुरताच. दुसऱ्या घोटापासून धूर मागे सरतो आणि मला तरी ‘वी बीस्टी’त हिरवट नासपती, व्हॅनिला, भरपूर काळी मिरी आणि शेवटी चुलीवर भाजलेल्या वांग्याच्या करपलेल्या सालीसारखा, किंचित खारट कडवटपणा लागतो. मग साधे पाणी थेंबाथेंबाने, फार तर अर्धा चमचा घालावे. पाण्याने गोडवा आणि फळ उघडले, तर व्हिस्की तरुण असूनही घडलेली आहे; उलट भिजवलेल्या कणकेचा आंबूस वास आणि घशात नुसती जळजळ उरली, तर ती पिंपातून लवकर काढली गेली असे खुशाल समजावे. पाण्याने ती जराशी गढूळ झाली तर घाबरू नये. थंड करून गाळली नसल्याची ती खूण आहे.

वयाचा आकडा सगळीकडे एकाच मापाने मात्र मोजू नये. गोव्यात तयार होणारी ‘पॉल जॉन बोल्ड’ ही धुरकट सिंगल मॉल्ट (एकाच डिस्टिलरीत केवळ जवाच्या मॉल्टपासून केलेली व्हिस्की) तिथल्या उष्ण हवेत स्कॉटलंडपेक्षा कितीतरी वेगाने मुरते.

एका बैठकीत दोन-तीन व्हिस्की चाखायच्या असतील, तर ‘वी बीस्टी’ शेवटी ठेवावी, कारण हिच्यानंतर नाजूक चवीचे काही कळत नाही. बर्फाने गंध मिटतो, म्हणून तो टाळावा. सोड्याला माझी हरकत नाही, कारण हा धूर सोड्यातही टिकतो. फक्त नासपतीचा तो गोडवा त्यात हरवतो, तेव्हा पहिला पेला तरी सोड्याविना घ्यावा.