वाचकांचे प्रश्न : चेस पाय वरून काळा, मधे पातळ

प्रश्न : ताई नमस्कार, मी ठाण्यात नौपाड्यात राहते. अमेरिकेत दक्षिणेकडे चेस पाय (chess pie, पारीत गोड कस्टर्ड भरून भाजलेला) करतात ना, अंडी, साखर, बटर, थोडं मक्याचं पीठ, म्हटलं सगळं घरातलंच आहे तर करूया. ओटीजीत २०० वर ठेवला, वरून काळा पडला, मधे पातळच, अजून ठेवला तर कडेने पाणी सुटलं आणि भुर्जीसारखा वास! व्हिनेगर खरंच घालायचं का? आणि सासूबाई अंडं खात नाहीत, त्यांच्यासाठी काय करू?

उत्तर : आधी ते २०० खाली आणा हो, पिझ्झा नाहीये तो. कस्टर्डला जास्त उष्णता लागली की अंड्यातलं प्रोटीन आवळत जातं आणि धरलेलं पाणी सोडून देतं, तेच तुम्हाला कडेला दिसलं. त्यात आपले ओटीजी एवढेसे, वरची कॉइल पायच्या अगदी डोक्यावर येते, म्हणून १७० ला, खालच्या जाळीवर ठेवा आणि रंग आला की वरून फॉइल सैलसर टाका. पन्नासेक मिनिटं लागतात, पण घड्याळ सोडा, टिन हळूच हलवून बघा, कडा घट्ट आणि मधला भाग खरवसासारखा थरथरला की बाहेर काढायचा, डुचमळला तर अजून कच्चा आहे. आणि लगेच सुरी नको! गार होताना मधलं आपोआप सेट होतं, तीनेक तास तरी द्या.

९ इंची टिनला ४ अंडी, दीड कप साखर, ११५ ग्रॅम बटर, पाव कप दूध, आणि मक्याचं पीठ, मैदा, व्हिनेगर प्रत्येकी एक टेबलस्पून. मक्याचं पीठ म्हणजे पिवळं, रोटीचं, जांभळी नाक्यावर कुठल्याही वाण्याकडे मागा, पांढरं कॉर्नफ्लॉर नव्हे. बटर वितळवून कोमट होऊ द्या, गरम ओतलंत तर अंडं तिथेच शिजतं. खारं बटर असेल तर वेगळं मीठ नको. व्हिनेगर घालाच, इतक्या साखरेला आंबट काहीतरी हवंच नाहीतर दुसरा घास जात नाही, घरच्यांना नकोच असेल तर तेवढाच लिंबाचा रस घाला, लेमन चेस पायसुद्धा असतोच. खालचं कव्हर, म्हणजे पारी, मात्र आधी राजमा भरून (फक्त वजनाला, नंतर काढायचा) अर्धवट भाजून घ्या.

सासूबाईंसाठी यातलं अंडं काढून काहीतरी जुगाड करू नका, फसतो. अमेरिकेतल्या इंडियाना राज्याचा शुगर क्रीम पाय करा, त्यात अंडं नसतंच, आणि तिथल्या सिनेटने २००९ मध्ये ठराव करून त्याला राज्याचा पाय म्हटलंय. एक कप क्रीम, दीड कप दूध, पाऊण कप साखर, पाव कप कॉर्नफ्लॉर (इथे मात्र पांढरंच) आणि थोडं बटर, मंद गॅसवर सारखं ढवळत घट्ट करा, पूर्ण भाजलेल्या कव्हरमध्ये ओता, वरून जायफळ किसा, दहाएक मिनिटं ओव्हनमध्ये आणि मग फ्रिजमध्ये. मला विचाराल तर दोन्हीत हाच जास्त आवडतो, आणि जायफळामुळे सासूबाईंनाही परका वाटणार नाही.

उरलेला चेस पायही फ्रिजमध्येच ठेवा. आपल्याकडच्या दमट हवेत वरची कुरकुरीत साय दुसऱ्या दिवशी मऊ पडते, तेव्हा पाहुणे यायच्या दिवशी सकाळीच करा.