नवरा रेंजवर रमला, मग मीच का रुसले?

मावशी, नमस्कार.

मी ४३ वर्षांची, कोल्हापुरात शाळेत शिकवते. कॉलेजात एनसीसीत होते तेव्हा रायफल हातात घेतली होती. लग्न, नोकरी, मुलगा यात ते सुटलं. तीन वर्षांपूर्वी पुन्हा सुरू केलं, दहा मीटर एअर पिस्तूल, म्हणजे हवेच्या दाबावरच्या पिस्तुलाने दहा मीटरवर नेम धरायचा. ह्यांना ते मुळीच पसंत नव्हतं. ‘या वयात बंदुका कसल्या?’ पासून ‘आणखी एक रविवार गेला’ पर्यंत सगळं ऐकून घेतलं. हे सहकारी बँकेत आहेत. माझी गाडी बिघडली म्हणून मला सोडायला यायला लागले, तर नेमबाजीच्या रेंजबाहेरच्या बाकावर पेपर वाचत बसायचे. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमधली स्वप्नील कुसाळेची रायफलची फायनल मात्र ह्यांनी शेवटपर्यंत उभं राहून पाहिली. त्यानंतर बाकावरून काचेपाशी आले. मग एक दिवस आमच्या प्रशिक्षक सरांनीच ह्यांच्या हातात पिस्तूल दिलं. आता रविवारी माझ्याआधी हेच तयार!

मला आनंद व्हायला हवा. झालाही. पण हे माझ्या मागे उभं राहून ‘मनगट सैल पडतंय’ म्हणतात. परवा माझ्या भावाकडे जेवताना मी म्हटलं, ‘शेवटी आणलं बघा ह्यांना लायनीवर.’ हे गप्प झाले, पुढचे दोन रविवार आलेच नाहीत. समजूत काढून परत नेलं, तर आता तिथं मलाच गुदमरल्यासारखं होतं. तेवढंच एक माझं होतं. ह्यांचा स्कोअरही भराभर वाढतोय. शिवाय ह्यांना स्वतःचं पिस्तूल घेऊन घरी ठेवायचंय. सासूबाई नको म्हणतात, मुलगा नऊ वर्षांचा आहे. मावशी, मी कोत्या मनाची आहे का?

— एक वाचक, कोल्हापूर

अगं, मुळीच नाहीस. शाळा, घर, मुलाचा अभ्यास, सासूबाई, या सगळ्यातून आठवड्याचे दोन-तीन तास तू सोडवून घेतलेस, तेही घरात बोलणी खाऊन. त्या लेनवर तुला कुणी हाक मारत नव्हतं, काही मागत नव्हतं. तिथं आता घरातलंच माणूस येऊन मनगटाबद्दल बोलायला लागलं, तर जीव गुदमरणारच. नवऱ्याला तुझी आवड आवडावी असं वाटणं आणि ती जागा आपली एकटीची राहावी असंही वाटणं, ही दोन्ही एकाच बाईच्या मनात सुखाने राहू शकतात. त्यांचं भांडण लावून देऊ नकोस.

पण आधी तुझ्या नवऱ्याकडे बघू या. तू लिहितेस, त्याला ‘आणलं’. मला तुझ्याच पत्रातून वेगळं दिसतं. तू सांगून, समजावून, रुसून तो आला नाही. तो आला ते कुणी ये म्हणत नसताना. बाकावर पेपर घेऊन बसलेला माणूस वरवर पेपर वाचतो; कान आतल्या ‘टप्प’ आवाजाकडे असतात. मग फायनल आली. स्वप्नील राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस होता. नीलिंग, प्रोन, स्टँडिंग (गुडघ्यावर, पालथं झोपून, उभ्याने) अशा तीन पोझिशनच्या त्या फायनलमध्ये तो सुरुवातीला मागे होता आणि उभ्याने नेम धरायची वेळ आली तेव्हा वर सरकत ब्राँझपर्यंत पोचला. हे पाहताना तुझ्या नवऱ्याला पहिल्यांदा कळलं असेल की बायको रविवारी जे करते त्यात एवढी झुंज असते. तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवलं, राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये सुवर्ण आणलं, तेव्हाही तो कोल्हापुरातच होता. पण त्या वेळी घरातलं कुणी रेंजवर जात नव्हतं.

वर्षानुवर्षं ज्या गोष्टीला नाही म्हटलं तिच्याकडे वळताना माणसाला आडोसा लागतो. गाडी बिघडली हा आडोसा होता, सरांनी हातात पिस्तूल दिलं हाही होता. तो आडोसा तू भावाच्या घरी, सगळ्यांच्या पुढ्यात, त्याच्या सासरच्या माणसांदेखत काढून घेतलास. तुझ्या मनात वाईट काहीच नव्हतं, तुला कौतुकच करायचं होतं. त्याला मात्र ऐकू आलं ते एवढंच, की इतकी वर्षं हिचं म्हणणं बरोबर होतं आणि मी हरलो. दोन रविवार तो आला नाही, याचं मला नवल वाटत नाही. तू समजूत काढलीस, ती बहुधा ‘चला ना हो’ म्हणून काढली असशील. अजून एक वाक्य राहिलंय. दोघंच असाल तेव्हा म्हण, ‘भावाकडे मी तसं बोलायला नको होतं. तुम्ही तुमच्या आवडीने येताय.’ बस. त्यापुढे स्पष्टीकरण देऊ नकोस आणि हा विषय पुन्हा कुठल्याही जेवणावळीत काढू नकोस.

त्याला हे का आवडलं, तेही तुला समजून घ्यायला हवं, म्हणजे तुझं काही हिरावलं जातंय ही भीती कमी होईल. तुला हे सगळं माहीत आहे, तरी त्याच्या जागी उभी राहून बघ. दहा मीटरवरच्या कागदावर दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. हातात सव्वा-दीड किलोच्या आतलं पिस्तूल, एकाच हाताने लांब धरलेलं. डोळ्यापुढे तीन गोष्टी: जवळची खाच, पुढची पट्टी आणि लांबचं काळं वर्तुळ. डोळा एका वेळी एकीवरच नीट ठरतो. नवखा माणूस काळ्या वर्तुळाकडे बघतो, आणि छर्रा भलतीकडे जातो. फ्रंट साइट, म्हणजे ती पुढची पट्टी, स्वच्छ आणि काळं अंधुक, असं दिसू द्यायला शिकलं की ग्रुपिंग, म्हणजे छर्रे जवळजवळ पडणं, जमायला लागतं. म्हणजे जे मिळवायचं त्याच्याकडे टक लावून न बघण्याची सवय करायची. श्वास निम्मा सोडायचा, थांबायचं, ट्रिगर हळूहळू दाबत न्यायचा. सात-आठ सेकंदांत सुटला नाही तर हात खाली आणून पुन्हा पहिल्यापासून.

आता विचार कर, दिवसभर काउंटरवर थकीत कर्जाच्या लोकांशी बोलणारा माणूस. त्याला आठवड्यात दुसरी कुठली जागा आहे, जिथं एखादी गोष्ट जमली नाही तर हात खाली आणून मुकाट्याने नव्याने सुरू करता येतं? कुणी जाब विचारत नाही, साहेब नाही, ग्राहक नाही. तू ज्यासाठी तिथं गेलीस, तो बहुधा त्याच्यासाठीच टिकून आहे. म्हणून तो आवेशात येऊन शिकवायला लागला. नवीन नवीन कळलेलं माणसाला पोटात ठेवता येत नाही.

तरीही त्याने तुला शिकवायचं नाही. इथं मी ठाम आहे. फायरिंग लाइनवर उभ्या असलेल्या नेमबाजाशी सरांशिवाय कुणी बोलायचं नसतं, हे कुठल्याही चांगल्या रेंजवर पाळतात आणि त्याला कारण आहे: छर्रा भरलेलं शस्त्र हातात असताना कुणी मागून बोललं, तर माणूस वळतो. नवरा-बायकोला यात सूट नाही. हे तू त्याला घरी सांगत बसलीस तर भांडण होईल, म्हणून सरांना सांग. ‘सर, लाइनवर फक्त तुम्हीच बोला, आम्हा दोघांनाही हा नियम लावा,’ असं म्हण. सर हे दोघांदेखत एकदा बोलले की तुझ्या तोंडून यायची गरज उरत नाही. आणि तूही त्याला शिकवू नकोस, अगदी त्याचा अंगठा कुठे चुकतोय हे दिसत असलं तरी. गाडीत परतताना वाटलं तर बोला. मी तर म्हणेन, गाडीतही नको. वाटेत मिसळ खा.

आता तुझ्या कोपऱ्याबद्दल. एक वेळ तुझी एकटीची असू दे. शनिवारी सकाळी, किंवा शाळा सुटल्यावर मधल्या वारी, जे रेंजच्या वेळेत बसेल ते. त्या दिवशी मुलाकडे तो बघेल. हे त्याच्याशी बोलताना ‘तुम्ही येता म्हणून’ असं म्हणू नकोस, कारण त्याने दुखावेल आणि ते पूर्ण खरंही नाही. ‘मला एक दिवस एकटीने सराव करायचाय, रविवारी दोघं जाऊ’ एवढंच सांग. तो विचारेल का? विचारलं तर खरं सांग, की मला तिथं थोडा वेळ एकटं राहायला आवडतं. मला वाटतं त्याला ते कळेल, कारण त्यालाही आता तेच आवडायला लागलंय.

स्कोअरची गोष्ट तू एका ओळीत लिहिलीस, पण ती तुला बोचतेय हे दिसतं. नवख्याचा स्कोअर पहिल्या काही महिन्यांत भराभर चढतो, कारण चुका मोठ्या असतात आणि मोठ्या चुका लवकर सुधारतात. पुढे तो अडतो, मग एकेक गुणासाठी महिने जातात. तू त्या टप्प्यावर आहेस. तुझा आलेख सपाट आणि त्याचा उभा दिसतोय, तो एवढ्यासाठी. आणि समजा गेलाच तो पुढे, तर? किंवा तूच पुढे राहिलीस, तर? या खेळात बाईने पुरुषापुढे जाण्यात काही वावगं नाही. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये पुरुष आणि स्त्रिया एकत्रच लढत होते. अमेरिकेची मार्गारेट मर्डॉक आणि तिचाच सहकारी लॅनी बॅशम, दोघांचे गुण सारखे, ११६२. नियमाप्रमाणे सुवर्ण बॅशमला मिळालं. राष्ट्रगीत वाजायच्या वेळी त्याने मर्डॉकला आपल्या पायरीवर वर ओढून घेतलं. आज एअर पिस्तूलच्या वैयक्तिक प्रकारात स्त्री-पुरुष वेगवेगळे खेळतात, पण दोघांनाही तेवढेच ६० शॉट आणि तेवढीच ७५ मिनिटं. तेव्हा घरात कोण पुढे हा विषय निघू द्या, चेष्टा होऊ द्या. फक्त दोघांच्या सरावाच्या वह्या वेगळ्या ठेवा आणि एकमेकांच्या न विचारता उघडू नका. नेमबाजाच्या वहीत गुणांबरोबर मनातलंही लिहिलेलं असतं.

वयाची काळजी त्याला वाटत असेल तर पॅरिसमधल्या तुर्कस्तानच्या युसूफ दिकेचची आठवण करून दे. ५१ व्या वर्षी साधा टी-शर्ट घालून, एक हात खिशात ठेवून त्याने एअर पिस्तूलच्या मिश्र सांघिक प्रकारात रौप्य मिळवलं. तुझा नवरा त्याच्याएवढाही नसेल.

राहिलं पिस्तूल. माझं मत स्पष्ट आहे: आत्ता घरी नको. कायद्याची अडचण म्हणून नव्हे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर गनला परवाना लागत नाही, आणि स्पर्धेची पिस्तुलं त्याहून कितीतरी कमी ताकदीची असतात. पण परवाना लागत नाही म्हणजे ते खेळणं नव्हे. जवळून लागलेला छर्रा डोळा कायमचा घेऊन जातो. घरात नऊ वर्षांचा मुलगा आहे, त्याचे मित्र येतात, आणि बाबा-आई दोघंही जे वापरतात ते बघायला कुठलं मूल हात लावणार नाही? सासूबाई नको म्हणतात ते शहाणपणाने म्हणतात. त्यांना ‘तुम्हाला काय कळतं’ असं तुझ्या नवऱ्याने म्हणू नये आणि तूही त्याला साथ देऊ नये.

शिवाय चांगलं परदेशी पिस्तूल लाखाच्या पुढे जातं. अजून वर्ष झालं नाही त्याला. क्लबचं वापरू दे. सर कदाचित त्याच्या हाताच्या मापाची ग्रिप आणि प्रबळ डोळा (नेम धरताना आपोआप पुढाकार घेणारा) कोणता तेही अजून तपासत असतील. उजव्या हाताने नेम धरणाऱ्या कित्येकांचा डावा डोळा प्रबळ निघतो, मग त्या डोळ्यापुढे पट्टी लावावी लागते. हे ठरायच्या आधी पैसे घालू नका. पुढे घेतलंच, तर क्लबमध्ये लॉकर मिळतो का विचारा आणि ते तिथंच राहू द्या. कधी एखादी रात्र घरी आणावंच लागलं, तर कुलपाच्या पेटीत, छर्रे दुसऱ्या कपाटात, सेफ्टी फ्लॅग (पिस्तूल रिकामं असल्याची खूण) नळीत. गच्चीवर डबे मांडून ‘जरा दाखवतो’ हे तर कधीच नाही. भिंतीवर आपटून छर्रा परत येतो.

आणि एक, जे बायकाच बायकांना सांगतात: छर्रे शिशाचे असतात. रेंजवर काही खायचं नाही, बाहेर पडताना दोघांनीही साबणाने हात धुवायचे, खिशात सुटे छर्रे घेऊन घरी यायचं नाही. मिसळीचं मी म्हटलं ना, ती हात धुतल्यावर.

मुलाला मात्र काचेच्या बाहेर बसून बघू द्या. आई-बाबा तासभर न बोलता शेजारी शेजारी उभे राहिलेले त्याने घरी कुठे पाहिले असणार! सासूबाईंनाही विचारून बघ, आग्रह करू नकोस. बाहेरचा बाक रिकामाच असतो. आणि शनिवारच्या वेळेचं सरांशी याच आठवड्यात बोल, पुढच्या महिन्यावर ढकलू नकोस.

— मावशी