‘तात्पुरती’ जागा मागायला आलेत त्याबद्दल

बाय,

तुझा मेसेज काल रात्री वाचला. फोनच करणार होतो, पण फोनवर सांगितलेलं तू विसरशील आणि अर्धं मीच विसरेन, म्हणून बसून लिहितोय. चष्मा नवीन आहे, टायपिंगच्या चुका पोटात घाल.

तर पऱ्यावरचा साकव, म्हणजे ओढ्यावरचा तो छोटा पूल, पाडून नवीन होणार, तोपर्यंत गाड्या जायला वळणरस्ता पाहिजे, तो तुमच्या मळ्याच्या कडेने काढायचा, आणि हे सांगायला सरपंच, एक मेंबर आणि ठेकेदाराचा माणूस येऊन चहा पिऊन गेले, जाताना छापील संमतीपत्र ठेवून गेले की सोमवारपर्यंत सही करून ठेवा. वहिनी म्हणतात गावाच्या कामाला नाही कसं म्हणायचं. बरोबरच आहे त्यांचं. तो साकव गेली चार वर्षं कसा उभा आहे ते मला माहीत आहे, पावसात पलीकडच्या वाडीतलं कोणी आजारी पडलं तर खुर्चीत बसवून आणतात. त्यामुळे मी तुला नाही म्हण असं सांगणारच नाहीये. मी सांगतोय ते एवढंच की जागा परत कधी येणार, कशी येणार आणि नाही आली तर कोण जबाबदार, हे आधी कागदावर आण, पैशाचं नंतर बोल. लोक नेमकं उलटं करतात, दोन हजार की पाच हजार यावर तासभर घासाघीस करतात आणि परतीचा विषय कोणी काढतच नाही.

तू फोटो पाठवलास ते संमतीपत्र मी झूम करून वाचलं. तिसऱ्या ओळीत ‘कायमस्वरूपी’ आहे, पुढे ‘विनामोबदला’ आहे आणि शेवटी ‘माझी व माझ्या वारसांची भविष्यात कोणतीही हरकत राहणार नाही’. तात्पुरता हा शब्द अख्ख्या कागदात नाही, तो फक्त चहा पिताना बोलला गेला. आता हे कोणी तुला फसवायला केलंय असं मला वाटत नाही हां. तो एकच नमुना ऑपरेटरच्या कॉम्प्युटरात पडलेला असतो, पाखाडीला तोच, नळाच्या पाइपला तोच, अंगणवाडीला तोच, फक्त नाव आणि गट नंबर बदलून प्रिंट मारतात. पण उद्या भांडण झालं तर नमुना कोणाचा होता हे कोणी विचारत नाही, सही कोणाची ते विचारतात.

आता अधिकाराचं. ग्रामपंचायतीला तुझी खाजगी जागा नुसता ठराव करून तात्पुरती ताब्यात घेता येत नाही. ठराव करून ते फक्त तुला विनंती करू शकतात. जबरदस्तीने तात्पुरती जागा घ्यायची सोय कायद्यात आहे, पण ती २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ८१ मध्ये आहे, आणि तिथे सरकार कलेक्टरला सांगतं आणि कलेक्टर घेतो, सरपंच नाही. त्यातसुद्धा मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं, आधी लेखी नोटीस, मोबदला ठरवून लेखी करार, आणि मोबदल्यावर जमलं नाही तर प्रकरण वरच्या प्राधिकरणाकडे. मुदत संपली की नुकसान भरून जागा परत, आणि जागा पूर्वीच्या वापराला कायमची निकामी झाली असेल तर मालक म्हणू शकतो की आता विकतच घ्या, मग सरकारला घ्यावी लागते. एवढी मोठी प्रक्रिया एका साकवासाठी कोण करत नाही म्हणून ते संमतीपत्र घेऊन येतात, आणि त्यात वाईट काही नाही. फक्त तुझी संमती ही खरोखर संमती आहे, त्यांचा हक्क नाही, एवढं डोक्यात ठेवून बोल.

एक अपवाद मात्र आहे. पूर, वादळ, दरड अशी आपत्ती आली की २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली जागा, इमारत, गाडी, काहीही तातडीने अधिग्रहित करता येतं, पैसे नंतर मिळतात. २०२१ च्या जुलैत चिपळूण पाण्यात गेलं तसल्या वेळी कोणी तुझ्या मळ्यात बोट नाहीतर मशीन आणून ठेवली तर कागद मागत बसू नको. पण नोव्हेंबरात ठरवून काढलेला साकव ही आपत्ती नाही.

कोर्टाचं पण सांगून ठेवतो, कारण मेंबर लोक ‘सरकार काय पण करू शकतं’ असं छातीठोक बोलतात. मालमत्तेचा हक्क १९७८ च्या घटनादुरुस्तीपासून मूलभूत नाही हे खरं, पण घटनेचं कलम ३००अ म्हणतं कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता काढून घेता येणार नाही. हिमाचलमध्ये एका विधवा बाईची जमीन १९६७-६८ ला रस्त्याला गेली, रीतसर संपादन नाही, पैसा नाही, आणि पुढे सरकारनेच कोर्टात सांगितलं की इतकी वर्षं आमचा कब्जा आहे म्हणजे आता ती आमची झाली. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये ते धुडकावलं आणि मोबदला द्यायला लावला. बाईंचं वय तेव्हा ऐंशीच्या घरात. जिंकल्या, पण किती वर्षांनी ते बघ. आणि २०२४ ला कोलकाता महापालिकेच्या केसमध्ये त्याच कोर्टाने सांगितलं की नोटीस, म्हणणं ऐकून घेणं, कारणासह निर्णय, सार्वजनिक हेतू, योग्य मोबदला, हे सगळं त्या ३००अ च्या पोटातच येतं. हे तू सरपंचाला ऐकवू नको. गावात कायद्याचं नाव काढलं की आपण वाईट होतो, ते तुझ्यापुरतं ठेव.

आता आमच्या घरची गोष्ट सांगतो, म्हणजे मी परतीचं परतीचं का करतोय ते कळेल. माझ्या आत्याची जागा होती, गावाचं नाव नको. नळयोजनेचे पाइप ठेवायला दोन महिन्यांसाठी मागितली, तोंडी. मी नोकरीत लांब, आत्या एकटी, तिने हो म्हटलं. ट्रक आत यायला पाहिजे म्हणून गडग्याचे, म्हणजे दगडी कुंपणाचे, चार हात तोडले, आतमध्ये मुरूम टाकून रोलर फिरवला. ठेकेदार मधेच काम सोडून गेला. दुसरा आला तो म्हणाला हे पाइप माझे नाहीत. तीन पावसाळे पाइप तिथेच, मधल्या काळात सरपंच बदलला, आणि गडग्याच्या त्या फटीतून मागच्या वाडीतल्या बाइका जायला लागल्या, कारण जवळ पडतं ना. आत्याने शेवटी गडगा परत घालायला माणूस लावला तर चिरेच नव्हते, ते कोणाच्या तरी जोत्याला गेलेले. आणि वाडीवाल्यांनी तहसीलदाराकडे मामलतदार कोर्टाचा अर्ज टाकला की आमची वहिवाट अडवली! ग्रामपंचायतीत चौकशी केली तर तो रस्ता चक्क २३ नंबरला, म्हणजे गावच्या रस्त्यांच्या नोंदवहीत, लागलेला.

मी रजा काढून गेलो. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या, स्वतःच्या आत्याच्या हद्दीचा दगड मला सापडेना. पहार घेऊन अर्धा दिवस टोचत होतो, मग एका ठिकाणी ठण्ण वाजलं, हातभर मुरमाच्या खाली दगड. तो उघडा केला, फोटो काढले, मोजणी टाकली. प्रकरण मिटायला चार वर्षं गेली, आणि त्या तुकड्यात भात काही नीट आलं नाही, रोलरने जमीन अशी चोपली गेलेली की वर पाणी तुंबायचं आणि रोप पिवळं पडायचं.

म्हणून पहिलं काम, त्यांचं जेसीबी यायच्या आधी तुमचे हद्दीचे दगड शोधायचे. जीपीएस कॅमेऱ्याचं अॅप येतं ना तारीख आणि लोकेशन उमटवणारं, त्याने गडगा, दगड, प्रत्येक कलमाचं झाड, शेताचा बांध, सगळ्याचे फोटो घे, व्हिडिओ पण काढ चालत चालत. मग जागेवर पंचनामा करायला लाव, सरपंच, भाऊसाहेब, ठेकेदाराचा माणूस, तू, आणि दोन पंच. (भाऊसाहेबांचं, म्हणजे ग्रामसेवकाचं, आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पाटी बदलली, आपण भाऊसाहेबच म्हणणार.) गडगा किती मीटर, किती उंच, चिऱ्याचा की दगडाचा, कलमं किती आणि कुठली. हे लिहिलं की अर्धं भांडण तिथेच मरतं.

मग कागद. त्यांचा नमुना बाजूला ठेव, आपण आपला करू. पाचशेचा स्टॅम्प आण, शंभरचा २०२४ पासून चालत नाही. त्यात लिहायचं की ही केवळ वापराची परवानगी आहे, जागेत कोणताही हक्क, वहिवाट, रस्ता निर्माण होत नाही. गट नंबर, लांबी, रुंदी, सोबत हाताने काढलेला नकाशा. कधीपासून कधीपर्यंत, आणि ‘काम पूर्ण होईपर्यंत’ असं अजिबात लिहू द्यायचं नाही, तारीख पाहिजे, ३१ मे लिहूया, म्हणजे पेरणीच्या आधी जागा मोकळी. मुदत वाढवायची तर नवीन लेखी परवानगी. मुरूम काढून, माती परत भुसभुशीत करून, गडगा होता तसा घालून द्यायचा, तोडलेले चिरे तुमच्याच आवारात रचून ठेवायचे. हे शेवटचं फालतू वाटेल पण आत्याचे चिरे आठव.

परवानगी हा शब्द मी मुद्दाम धरून बसलोय. वहिवाटीचा हक्क लागायला वीस वर्षं उघडपणे, हक्काने, विनाअडथळा वापर लागतो, आणि मालकाच्या परवानगीने चाललेला वापर हक्काचा धरत नाहीत. तेव्हा लेखी परवानगी हीच तुझी ढाल. पण त्याच १८८२ च्या सुखाधिकार कायद्यात एक मेख आहे, कलम ६०. परवानगी घेणाऱ्याने तिच्या भरवशावर खर्च करून कायम स्वरूपाचं बांधकाम केलं तर मग परवानगी मागे घेता येत नाही असं म्हणायला जागा मिळते. त्यामुळे ह्यूम पाइप टाका, वर मातीचा भराव करा, पण काँक्रीट नाही, डांबर नाही, मोरी नाही, खांब नाही. कोणी म्हणेल ‘ताई, जरा पीसीसी मारतो, चिखल नको व्हायला’, तर गोड बोलून नाही सांग.

सह्या कोणाच्या ते बघ. ग्रामपंचायतीच्या वतीने सरपंच आणि भाऊसाहेब, शिक्क्यासकट, आणि मासिक सभेच्या ठरावाची नक्कल सोबत. सरपंच आज आहे उद्या नाही, ठराव राहतो. ठेकेदाराची पण सही घे. आणि विचार की काम कोणाचं आहे, जिल्हा परिषदेचं की सार्वजनिक बांधकामचं, वर्क ऑर्डर दाखवा म्हणावं. अशा कामांच्या एस्टिमेटमध्ये बऱ्याचदा वळणरस्त्याचा खर्च धरलेलाच असतो आणि गावात मात्र सांगतात फंड नाही. सरळ मागून मिळालं नाही तर माहिती अधिकारात टाक, दहा रुपये आणि तीस दिवस. आणि काम ज्याचं आहे त्या खात्याला तू एक पत्र दे, की जागा पूर्ववत मिळाल्याचा माझा लेखी दाखला आल्याशिवाय ठेकेदाराचं फायनल बिल काढू नये. ऐकतील न ऐकतील, पण फाइलला लागलेलं पत्र बघून इंजिनिअर जरा विचार करतो, आणि बिल अडकणार म्हटलं की ठेकेदार गडगा आपोआप घालतो. मी पाहिलंय हे.

तुझी एकटीची सही मात्र अजिबात नको. सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत, त्यातली दोन माणसं तर वारली, वारस नोंदच झालेली नाही. बोरिवलीवाल्या काकांना आणि नालासोपाऱ्याच्या आत्यांना आधी फोन कर, त्यांच्या सह्या घे, नाहीतर गणपतीला येतील तेव्हा पहिला प्रश्न तुलाच, ‘आम्हाला न विचारता दिलीस?’ व्हॉट्सअॅपवर ओके आलं तर बरंच, पण सही वेगळी. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात कुळाचं नाव आहे का ते पण बघ, असेल तर पिकाच्या भरपाईत त्याचा विषय येणार. आणि हे सगळं करायला आठ दिवस लागतील म्हणून सांगायला तुला कारणही आयतं मिळतंय, सोमवार काय पळून जात नाही.

बाकी दोन-तीन गोष्टी भरभर. तुमच्या वरच्या भरडातला मुरूम ‘इथलाच घेतो, तुम्हाला जागा सपाट करून मिळेल’ असं म्हणाले तर नको, विनापरवाना गौण खनिजाचा दंड बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत जातो आणि नोटीस येते ती सातबाऱ्यावरच्या माणसाला. खाली खाडीकडच्या बाजूला खारफुटी आहे तिकडे भराव ढकलू देऊ नको, सीआरझेडचं, म्हणजे किनारपट्टीच्या नियमांचं, लफडं होईल. आंब्याच्या बुंध्याला माती लावू देऊ नको, मुळांना हवा मिळत नाही, झाड लगेच काही दाखवत नाही आणि दोन वर्षांनी वाळतं, तोवर ठेकेदार कुठल्या कुठे. बाबांनी लावलेली ती दोन हापूस कलमं आहेत ना कडेला, त्यांच्या भोवती बांबू रोवून दोरी बांध.

भाडं विचारलंस. माझं मत, नाममात्र घे पण घे, वर्षाचं एक पीक जाईल तेवढं तरी. फुकट दिलं की चार वर्षांनी ‘दान दिली होती’ अशी गोष्ट तयार होते. पावती बँकेतून. पैसे नकोच वाटत असतील तर मुदतीनंतर रोज अमुक रुपये असं कलम टाक आणि मधलं भाडं एक रुपया लिही, वहिनींनाही बरं वाटेल.

आणि समजा सोमवारी कागद न करताच मशीन आणून उभं केलं, तर जेसीबीच्या पुढे जाऊन उभी राहू नको, ड्रायव्हर बिचारा रोजंदारीवर असतो. फोटो काढ, हरकतीचा अर्ज ग्रामपंचायतीला, बीडीओला आणि तहसीलदाराला दे, एक प्रत पोलीस स्टेशनला, प्रत्येकाची पोच शिक्क्यासकट. मग मला फोन, वकील आपल्या ओळखीचे आहेत, कोर्टातून मनाई हुकूम मागता येतो. पण इतकं होणार नाही असं मला वाटतं, सरपंच तसा सरळ माणूस आहे, त्याला फक्त घाई आहे, फंड मार्चच्या आत संपवायचा असतो.

मी गुरुवारी सकाळच्या एसटीने येतो. गटाच्या नकाशाची प्रत आणि पन्नास मीटरची टेप माझ्याकडे आहे, पहार तुमच्या मांगरात असेल. तेवढं कोणाला तरी सांगून गडग्याच्या त्या पूर्वेच्या कोपऱ्यातली घाणेरी तोडून घे, नाहीतर दगड दिसायचा नाही.

काका