ओल्या कापसाची पाटी

दारव्हा तालुक्यातल्या एका मुलीचं पत्र आलंय. बी.कॉम. झाली, गेला हंगाम जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, गेटवर टोकन देणं आणि वजनाची नोंद ठेवणं हे काम केलं. यवतमाळला मुलाखतीत विचारलं, "अपेक्षेपेक्षा जास्त काम कधी केलं?" ती म्हणाली, "सांगितलं तेवढं सगळं प्रामाणिकपणे केलं." पुढे कुणी काही विचारलंच नाही. 'मी खोटं बोलायला हवं होतं का?' असं ती लिहिते.

नाही गं. खोटं पुढच्या दोन प्रश्नांत उघडं पडतं, आणि तुला त्याची गरजही नाही. ओला कापूस परत जातो म्हणून मॅनेजरना विचारून गेटवर पाटी लावली, हे तू पत्राच्या शेवटी सहज लिहून गेलीस. तेच सांगायचं होतं!

आपल्याकडे स्वतःचं काम स्वतः सांगितलं की 'मिरवते' म्हणतात. मग गप्प बसायची सवय लागते, ती मुलाखतीत नडते, मुलींना जास्तच. समोरच्याला एवढंच बघायचं असतं की, कुणी न सांगता तुला काय दिसतं आणि दिसल्यावर तू काय करतेस. म्हणून "रात्री आठपर्यंत थांबायचे" हे उत्तर अपुरं पडतं.

आधी ठरलेलं काम सांग, नाहीतर जास्तीचं कळणार कसं? मग असं बोल:

"माझं काम टोकन आणि वजनाची नोंद एवढंच होतं. तिथे सीसीआयची, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाची, खरेदी होती. ओलावा १२ टक्क्यांच्या वर असला की माल घेत नाहीत. रात्रभर रांगेत थांबलेल्या बैलबंड्या सकाळी तशाच परत जायच्या. मॅनेजरना विचारून मी गेटवर मोठ्या अक्षरात पाटी लावली, कापूस वाळवूनच आणा. नंतर परत जाणाऱ्या बंड्या कमी झाल्या."

किती कमी झाल्या, ते आठवेल तेवढंच सांग. 'रोज चार-पाच जायच्या, मग एखादीच' असं असेल तर तसंच म्हण. टक्केवारी बनवू नकोस. "यात तुमचं नेहमीचं काम मागे पडलं का?" हा प्रश्न बहुतेक येईल, त्याचं उत्तर तयार ठेव.

आज आईसमोर बसून हे मोठ्यानं सांग. दीड मिनिटात बसायला हवं. बोलताना 'आम्ही केलं' आलं की तिथेच थांब, आणि पाटी कुणी लिहिली होती ते आठव.